काडीमावशीचा पडदा

नाट्यगृहात तिला सगळे काडीमावशी म्हणायचे. बिडीचं व्यसन नाही, पण पिशवीत काडेपेटी कायम. पडदे-कापडं तिच्या ताब्यात; नवं कापड आत आलं की काठाची चिंधी कापायची, मागच्या आवारात बादलीवर चिमट्यात धरायची आणि काडी लावायची. काळी पडून विझली तर कापड पास. पेटत राहिली तर ज्यानं आणलं त्याच्या गळ्यात परत. मग तो निर्माता असो नाहीतर निर्मात्याचा जावई. पेटल्यावर चौकशा करणारे पैशाला पासरी मिळतात. पेटायच्या आधी काडी लावणारीला लोक तापट म्हणतात. होतीच ती तापट. गरीब गाईला विचारतो कोण?

नवरा मात्र शांत. जन्मभर नाटकांचे देखावे रंगवले, लोकांच्या मागे झाडं आणि भिंती उभ्या केल्या. यंदा पहिल्यांदा त्याला रंगमंचावर काम मिळालं होतं: हरवलेलं घर शोधणारा म्हातारा, हातात पेटता दिवा. दिग्दर्शिकेला मशाल हवी होती. मावशीनं भांडून तिचा काचेचा कंदील केला. तेवढ्यावरही नवरा हरखला होता. घरात तवा हातात धरून तालीम करायचा.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी मावशीनं दर्शनी पडद्यावरून हात फिरवला आणि थबकली.

"हा मऊ कसा लागतोय?"

"धुतलाय," नवरा छाती फुगवून म्हणाला. "तू काल बहिणीकडे होतीस ना, तेव्हा. साबण लावून, पाइपानं. म्हटलं, आज तरी तिला धूळ झटकत बसायला नको."

मावशी खुर्चीवर बसलीच. आग धरू नये म्हणून त्या सुती कापडाला औषध पाजलेलं होतं, म्हणून ते कांजी केल्यासारखं कडक लागायचं. पाण्यात धुतलं की औषध गेलं गटारात. तिनं चिंधी कापून काडी लावली. भस्सकन पेटली.

"अहो, तुमच्या प्रेमानं एक दिवस थिएटर जळेल."

नवरा आत धावला. फवारणीचा पंप उचलून आणला आणि दोघांनी मिळून पडद्याला पुन्हा औषध मारलं. दुपार कलली तरी पडदा दमटच. नवऱ्यानं हळूच चिंधी कापली, काडी लावली. पेटली नाही.

"बघ, झालं की काम."

"ओलं फडकं कधी पेटतं का? वाळल्याशिवाय या परीक्षेला अर्थ नाही."

दिग्दर्शिका घड्याळ बघत आली. "मावशी, सोपं करू. कंदिलात बॅटरीचा दिवा घालू."

"घाला," नवरा म्हणाला आणि कंदिलाची काच पुसत राहिला. स्वच्छच होती ती.

मावशीनं त्याच्याकडे बघितलं. जन्मभर दुसऱ्यांच्या मागे उभा राहिलेला माणूस. तिचाही जीव होताच की त्या दिव्यात.

"कंदील राहील," ती म्हणाली. "पडदा उतरवा."

"पडदाच नाही? मग नाटक सुरू कसं करायचं?"

"अंधार करा. हे कंदील घेऊन येतील, तेच सुरू."

दिग्दर्शिका आधी चिडली, मग हसली. "मावशी, मला आधी का नाही सुचलं हे?"

"तुमच्याकडे पडदा होता."

संध्याकाळी पडदा मागच्या आवारात दोरीवर वाळत होता. आत पूर्ण अंधार. कोपऱ्यातून छोटी ज्योत निघाली, रिकाम्या रंगमंचावर सावकाश फिरली आणि तिच्या मागून म्हाताऱ्याचा चेहरा दिसू लागला. प्रेक्षागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. मावशी विंगेत ओलं घोंगडं हातावर घेऊन उभी, बाजूला वाळूची बादली आणि आग विझवायचं नळकांडं.

टाळ्या थांबेनात. नवरा घामाघूम होऊन विंगेत आला. "कसं झालं माझं काम?"

"तुमच्याकडे कुठं बघत होते मी? ज्योतीकडे बघत होते." तिनं कंदील त्याच्या हातातून घेतला, फुंकून विझवला. "वात जरा मोठी होती. उद्या कमी ठेवा."

"म्हणजे उद्याही पडदा नाही?"

"पडद्याला म्हणावं, तू वाळ आरामात," मावशी म्हणाली आणि घोंगडं पिळायला घेतलं.