बाहेरून लावलेली कडी
दौलताबादच्या रस्त्याला गाड्यांवरच्या पिकल्या पेरूंचा, म्हणजे आमच्या जांबांचा, वास आला की मला ग्रामपंचायतीची ती गुप्त बैठक आठवते. मी गावाला पाणी सोडतो. तेव्हा एका बागवाल्यानं पाइपलाइनला चोरून लावलेली मोटर मी काढली, तर त्यानं उलट माझ्यावरच कोर्टात दावा लावला. पंचायत माझ्या पाठीशी राहते का मला वाऱ्यावर सोडते, ते त्या बैठकीत ठरणार होतं. सरपंचबाईंनी गावकऱ्यांना बाहेर काढलं, पण दाराला आतून कडीच नव्हती. “तूच लाव रं बाहेरून,” त्या मला म्हणाल्या. कडी लावून मी पायरीवर बसलो. तेवढ्यात पाण्याची वेळ झाली अन् मी सवयीनं उठून टाकीकडं गेलो; पाणी आलं म्हणल्यावर बाहेरची माणसंही घरी पळाली. सगळ्यांचे हंडे भरल्यावर परत आलो, तर खिडकीचे गज धरून सरपंचबाई ओरडत होत्या, “अरं, पंचायत देणार हाय तुला वकील, एकमतानं! आता तरी दार उघड!” दार उघडलं, तर एका सदस्यानं आणलेली जांबांची पाटी रिकामी झालेली अन् सगळे पोट धरून हसत होते. दावा मी जिंकलो. आता दाराला आतून चांगली जाड कडी हाय, तरी बैठक बसायच्या आधी सरपंचबाई मला हमखास विचारतात, “आज पाण्याची वेळ कधी हाय रं?”