काकूंच्या घरी ठेवलेलं बाळ

हल्ली मी शहरातून नाताळची गव्हाण विकत आणते. त्यात बाळ येशू आधीच चिकटवलेला असतो. दरवर्षी मला त्याचं वाईट वाटतं, कारण वाशिमजवळच्या केनवडच्या आमच्या घरी तो इतक्या सहज मिळत नसे.

नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या आगमनकाळात, पहिल्या रविवारी आई ओसरीवर शेजारच्या काकूंकडचं कुटार, म्हणजे गुरांचा भुसा, अंथरायची. त्यावर मातीची गाय, मेंढरं, मरीया आणि योसेफ. बाळ मात्र लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून कपाटात, थेट नाताळच्या आदल्या संध्याकाळपर्यंत. दर रविवारी एक मेणबत्ती वाढायची, तशी आम्हा भावंडांची चुळबुळही. बाळ आताच ठेवू या म्हटलं, की बाबा करवादायचे, "उतावळा नवरा अन् गुडघ्याले बाशिंग! पाहुणा यायच्या आधी घर झाडतेत, का पाहुण्याले बसवून धूळ उडवतेत?" बाबा शाळेत मास्तर होते आणि घरीही शाळा सुटत नसे.

एका वर्षी काकूंची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं, त्यामुळे काकूंचा जीव सदा टांगणीला. दुसऱ्या रविवारी त्या ओसरीपुढे आल्या आणि थबकल्या. दरवर्षीचीच मांडणी, पण यंदा त्यांना ती बघवेना.

"बाई, लेकराची जागा रिकामी काहून ठेवली? माह्या पोरीच्या डोयासमोर रोज हे असं... मले नाही पाहवत. ठेवून टाका नं बाळ."

आतून बाबा खाकरले. ते खाकरणं म्हणजे नकार. आईची पंचाईत झाली. मग तिने कपाटातून बाळ काढलं आणि सरळ काकूंच्या ओटीत घातलं.

"नाताळपर्यंत हे तुमच्या घरी राहू द्या, काकू. आमचं बाळ शेजारी गेलं हाय, असं समजा. आदल्या सांजेले तुमीच आणून ठेवा."

काकूंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी बाळाला देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी बसवलं. ते मातीचं आहे, आंघोळ घालू नका, हे सांगायला आईला मागोमाग धावावं लागलं. बाबांनी त्या रात्री करवादतच जेवण उरकलं.

नाताळच्या आदल्या दुपारी मुलीला कळा सुरू झाल्या. दिवस भरले नव्हते. गाडी करून सगळे तिला वाशिमच्या दवाखान्यात घेऊन गेले आणि काकूंच्या दाराला कुलूप लागलं. संध्याकाळी आमच्याकडे नवे कपडे, करंज्या, दारावर चांदणी, सगळं सज्ज होतं. बाळ तेवढं कुलपात. धाकट्या भावाने बदली म्हणून प्लास्टिकची बाहुली आणली.

"नको. राहू द्या रिकामी," बाबा म्हणाले.

एरवी बाबांच्या प्रार्थनेत चर्चच्या पाळकसाहेबांपासून पाऊसपाण्यापर्यंत सगळं यायचं आणि आमचे गुडघे दुखायचे. त्या संध्याकाळी ते एवढंच बोलले, "प्रभू, त्या पोरीचं लेकरू सुखरूप येऊ दे. आमी वाट पाहून राह्यलो." आईने मोबाइल गव्हाणीपाशी ठेवला होता. तोवर मी नाताळची वाट कपड्यांसाठी आणि करंज्यांसाठी पाहिली होती. कोणी येईल की नाही या धास्तीने वाट पाहणं मला त्या दिवशी कळलं. आगमनकाळ म्हणजे काय, ते बाबांच्या इतक्या वर्षांच्या शिकवणीतून मला उमगलं नव्हतं.

सकाळी चर्चला निघताना फोन वाजला. काकू रडत होत्या.

"पोरगी झाली, बाई. दोघी बऱ्या हायेत. तुमी आमचं कुलूप तोडा अन् तुमच्या देवाले घरी न्या."

बाबांनी कुलूप तोडू दिलं नाही. काकूंना सवडीने येऊ द्या म्हणाले.

वाशिमच्या चर्चमध्ये पाळकसाहेबांनी विचारलं, कोणाला देवाचे आभार मानायचे आहेत का? बाबा कधी उठत नसत. त्या दिवशी उठले.

"आमच्या घरी मुलगी झाली," एवढं म्हणून ते खाली बसले.

सगळ्या बायका वळून आईकडे पाहू लागल्या. आई पदराने डोळे पुसत हसत होती, आणि कोणी हळूच "अभिनंदन" म्हटलं, ते तिने घेतलं.