बाबांच्या शिफ्टची पाखरं

मी शाळेत विज्ञान शिकवते. रस्त्यात कुणी उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं तर घरी नेऊन सरबत करीन... अशातली मी. तरीही हे लिहितेय.

माझं माहेर अंबरनाथचं, शिवमंदिराच्या बाजूला. बैठं घर, मागच्या दारी पेरूचं झाड. बाबा एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत होते. पेरूला त्यांनी तारेने नारळाच्या करवंट्या टांगल्या होत्या — एकीत कण्या, एकीत बाजरी, एकीत पाणी. चिमण्या, साळुंक्या, बुलबुल, कधी पोपटांची जोडी. गंमत म्हणजे ही पाखरं बाबांच्या शिफ्टप्रमाणे यायची. फर्स्टच्या आठवड्यात बाबा दुपारी सुटून आले की, सेकंडला ते कामावर निघायच्या आधी आणि नाइटला सकाळी परतल्यावर. तेव्हा बाबाच करवंट्या भरायचे ना.

"रिटायर झालो की दिवसभर इथेच बसणार," मागच्या पायरीवर बसून ते आईला सांगायचे.

"बसा. मीही बसेन," आई म्हणायची.

एकोणीसशे नव्वदच्या आसपास बाबा अचानक गेले. हार्ट अटॅक.

मग आई रोज सकाळी पूजा आटोपली की करवंट्या भरू लागली. सकाळभर एक चिमणी फिरकायची नाही आणि दुपारी बघावं तर झाड भरलेलं. पुढच्या आठवड्यात वेळ बदललेली. बाबांचे शिफ्टमधले जोडीदार जाधवकाका शेजारच्या गल्लीत राहायचे. त्यांची शिफ्ट बदलली की पाखरांचीही बदलायची. मला वाटलं, कंपनीच्या भोंग्यामुळे असेल... पण भोंगा तर तिन्ही वेळेला, रोजच व्हायचा.

"या आठवड्यात हे नाइटला आहेत," आई सरळ सांगायची.

"आई, बाबा आता कुठल्याच शिफ्टला नाहीत," मी चिडायचे. चिडायचे, कारण मलाही ते हवे होते. पाखरं आली की माझीही नजर आधी फाटकाकडे जायची.

लग्न होऊन मी बदलापूरला गेले. माझ्याकडे राहायला ये म्हणून आईला किती विनवलं... "मी इथून हलले आणि हे आले तर?" ती म्हणायची.

काही वर्षांनी, मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी तिला न्यायचंच ठरवून गेले. सकाळी पाखरं झाडावर होती. दुपारीही होती. करवंट्या रिकाम्या झाल्या, तरी हलेनात. आई बेचैन. "ही कुठली शिफ्ट म्हणायची गं?"

संध्याकाळी जाधवकाका पेढे घेऊन आले. "वहिनी, आज रिटायर झालो. तो असता तर आज दोघं एकदमच सुटलो असतो."

त्या पिढीत शाळेत घालताना मास्तर सरसकट एक जून ही जन्मतारीख लावून टाकायचे. या दोघांचीही तीच, वर्षही एकच; म्हणून रिटायरमेंटही एकाच दिवशी, एकतीस मेला. बाबांची खरी तारीख आजीलाही ठाऊक नव्हती. मग ही कागदावरची पाखरांना कुणी सांगितली? इतकी वर्षं मुलांना कार्यकारण शिकवतेय, मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

काका गेल्यावर आई मागच्या पायरीवर जाऊन बसली. झाड अजून भरलेलंच होतं. मी तिच्याजवळ टेकणार तेवढ्यात ती म्हणाली, "तिथे नको गं. जरा सरकून बस."

मी सरकून बसले.