मिलिंदची इटली आणि माझं नाक

मिलिंदच्या बायकोचा, वहिनींचा फोन आला तेव्हा मी ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरमध्ये जेवणाच्या रांगेत उभा होतो. "भाऊजी, मिलिंद गेला," एवढंच त्या म्हणाल्या. मी रांगेतून बाहेर पडलो आणि... कुठे जायचं तेच सुचेना. याला आता सहा आठवडे झाले.

मिलिंद माझा मित्र, माती तपासणारा इंजिनिअर. एमआरटी मेट्रोच्या बोगद्यांसाठी जमिनीखाली काय लागेल ते सांगणं हे त्याचं काम आणि इटालियन वाईन हे त्याचं वेड. प्यायचा जेमतेम एक ग्लास, बोलायचा मात्र दोन तास. सिसिलीत ज्वालामुखीच्या राखेत वाढलेली द्राक्षं, टस्कनीतले दगडगोट्यांचे उतार, उत्तरेला पीडमाँटमधल्या धुक्यातल्या टेकड्या... "एवढासा देश, पण डोंगर ओलांडला की माती वेगळी, द्राक्ष वेगळं, वास वेगळा!" मी बँकेतला माणूस, मला लाल आणि पांढरी एवढंच कळायचं. "गाढवाला गुळाची चव काय," असं चिडवून तो पुढच्या शनिवारी मला पासिर रिसच्या फ्लॅटवर पुन्हा बोलवायचाच.

मग आजार आला. नोव्हेनाच्या हॉस्पिटलात उपचार झाले, त्यात त्याचं नाक गेलं. कसलाच वास येईना. पुढे डॉक्टरांनीही हात टेकले. तेव्हा त्याने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. बाटली उघड, वास घे आणि मला सांग. वहिनींना विचारायचा प्रश्नच नव्हता. पंचशीलातलं पाचवं शील त्या कसोशीने पाळतात, मद्याला शिवतही नाहीत. त्यामुळे राहिलो मी.

दर शनिवारी ग्लासात नाक खुपसायचो आणि डोकं रिकामं. "छान आहे." "छान म्हणजे काय रे?" एकदा घरून वाचून गेलो, लाल चेरी, धूर, ओला दगड, घडाघडा म्हणून दाखवलं. त्याने डोळे मिटून ऐकलं. "हे पाठ केलंयस. तुला काय येतंय ते सांग ना."

"द्राक्षांचा वास येतोय," मी म्हणालो.

तो हसला, पण भिंतीकडे तोंड करून. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. पुढचा शनिवार त्याने पाहिला नाही.

परवा वहिनींनी उरलेल्या बाटल्या न्यायला बोलावलं. एक बारोलोची, पीडमाँटची, त्याने जपून ठेवलेली. "उघडा," त्या म्हणाल्या. मी ओतली. त्यांनी ग्लास उचलला, ओठांना लावला नाही, फक्त नाकाशी धरला. बराच वेळ.

"साइटवरून आला की त्याच्या बुटांना यायचा, तो डांबराचा वास आहे. आणि वंदनेला वाहिलेल्या गुलाबांचा... दुसऱ्या दिवशीच्या, वाळलेल्या. मागे थोडी लवंग."

त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"त्याने मला एकदाही विचारलं नाही, भाऊजी. विचारलं असतं तर मी घेतला असता वास."