आठ जणांची गाडी

नेरूळच्या आमच्या सोसायटीत मला नावाने कोणी ओळखत नसे. दारावर पाटी होती, पण ती वाचायला माणसाला दारापर्यंत यावं लागतं. सगळ्यांच्या लेखी मी 'जीपवाल्या बाई'. दूधवाला, इस्त्रीवाला, वॉचमन, सगळे हेच म्हणत. मला त्याचं वाईट वाटत नसे. कशाने का होईना, ओळखतात तरी, अशी मी मनाची समजूत घालायचे.

नव्वदच्या दशकाच्या मधली ती वर्षं. दादरला नोकरदार बायकांच्या होस्टेलवर निम्मं आयुष्य काढून मी नेरूळला स्वतःचा फ्लॅट घेतला होता. ऑफिस बेलापूरला हललं, त्याच्यामागोमाग मीही आले. लग्न केलं नव्हतं. का, हे विचारणारे नातेवाईकसुद्धा तोवर थकले होते. होस्टेलवर निदान बाथरूमसाठी भांडायला माणसं असायची. इथे नळ माझा, आरसा माझा, आणि रविवारी दुपारी वरच्या मजल्यावर कोणी पाटा सरकवला तरी मी कान देऊन ऐकायचे. रस्ते इतके रुंद की पलीकडच्या फुटपाथवर ओळखीचं माणूस दिसलं तरी हाक पोचली नसती. अर्थात ओळखीचं माणूस दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

तेव्हा सगळ्यांना नव्या छोट्या गाड्यांचं वेड लागलं होतं. ऑफिसात डबा खाताना कोणाचा नंबर लागला, कोणता रंग मिळाला, हीच चर्चा चालायची. आणि मी घेतली जुनी जीप. तुर्भ्याच्या बाजूला एकांची दगडाची खाण बंद झाली होती, त्यांच्याकडून. रंग उडालेला, दारं नाहीत, वर ताडपत्रीचं हूड. ऑफिसातल्या साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, एकट्या बाईला आठ जणांची गाडी कशाला? स्कूटर घ्या, लूना घ्या." मी म्हटलं, बघू.

कारण सांगितलं असतं तर ते हसले असते. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, हिवताप खात्यात जीपचे ड्रायव्हर होते. फवारणीची माणसं आणि पंप घेऊन गावोगाव फिरायचे. उन्हाळ्यात आमच्या गावचं तळं आटलं की त्या कोरड्या तळ्यात त्यांनी मला गाडी शिकवली. मुलीच्या जातीला कशाला, असं आई म्हणायची. अण्णा म्हणायचे, तळ्यात कोण बघतंय?

जीपचं सगळं चरित्र अण्णांना तोंडपाठ होतं. ती परदेशातली, लढाईसाठी जन्माला आलेली. सैन्याला अशी गाडी हवी होती की जी वाळूत, चिखलात, डोंगरात, रस्ता नसेल तिथे जाईल आणि बंद पडली तर जागच्या जागी पाना घेऊन दुरुस्त करता येईल. लढाई संपली आणि गाड्यांना काम उरलं नाही. मग आपला देश नुकता स्वतंत्र झाल्याच्या सुमारास ती खोक्यांतून, सुट्या भागांत मुंबईच्या बंदरात उतरू लागली आणि माझगावला जोडली जाऊ लागली. पुढे एकेक भाग इथेच बनायला लागला, स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे आलं आणि ती आपली झाली. "खेड्यातल्या माणसानं सरकार पहिल्यांदा बघितलं ते जीपमधून उतरताना," असं अण्णा छाती फुगवून सांगायचे. कलेक्टर जीपमधून, फौजदार जीपमधून, निवडणुकीच्या पेट्या जीपमधून, देवीची लससुद्धा जीपमधूनच. बाकीच्या गाड्या दर दोनचार वर्षांनी तोंड बदलतात. हिचं तोंड मात्र तेच राहिलं, दोन गोल दिवे आणि मधे उभ्या फटींची जाळी. गुळगुळीत असं हिच्यात काहीच नव्हतं. बसलं की हाडं न् हाडं मोजून घ्यायची. तरी एकदा जीप चालवलेल्या माणसाला दुसरी गाडी मिळमिळीत लागते. जमिनीतला दगड न् दगड हाताला कळतो. मोठ्या गिअरच्या शेजारी एक आखूड दांडा असतो; तो ओढला की चारी चाकं जोर लावतात आणि मग ती कशालाच हटत नाही.

पण मला ओढ होती ती दुसऱ्याच गोष्टीची. जीपच्या मागच्या भागात समोरासमोर दोन बाक असतात. त्यांवर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांना लागतात आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघण्यावाचून गत्यंतर नसतं. अण्णांची जीप रिकामी गेल्याचं मला आठवत नाही. एसटी चुकलेले मास्तर, बाळंतपणाला निघालेली बाई आणि तिची आई, एकदा तर बोकडसुद्धा. सगळे बोलत असायचे आणि अण्णा पुढून मान न वळवता उत्तरं द्यायचे. खरं सांगायचं तर मी ते दोन बाकच घेतले होते. गाडी त्यांच्याबरोबर आली. त्यांवर कोणीतरी येऊन बसावं, एवढंच मला हवं होतं.

कोणी बसलं नाही. बसस्टॉपवर शेजारच्या वहिनी दिसल्या तर मी ब्रेक मारायचे. "चला, स्टेशनला सोडते." त्या साडी सावरत दोन पावलं मागे व्हायच्या. "नको हो, येईल इतक्यात बस." पायरी उंच, दार नाही, वर मुख्य म्हणजे बाई चालवणार. मला राग यायचा, त्यांचा आणि स्वतःचाही. मग रविवारी मी एकटीच निघायचे. कधी जासईच्या बाजूला, कंटेनरच्या ट्रकांच्या रांगेमागून धूळ खात. कधी तळोज्याकडे, जिथे कारखान्यांच्या वासाने नाकाला रुमाल लावावा लागे. परत आल्यावर कुठे गेला होता, असं विचारणारं कोणी नसायचं.

एकदा हूड फाटलं म्हणून घणसोली गावात ताडपत्री शिवणाऱ्याकडे गेले होते. तिथे एक म्हातारे गृहस्थ येऊन गाडीभोवती फिरले. त्यांची शेती नव्या शहरासाठी सरकारने घेतलेली, त्या पैशातून त्यांनीही जीपच घेतली होती. बोनेटवर थाप मारून म्हणाले, "बाय, तुमची हाय ही गारी?" मी हो म्हटलं. "घरान कोन कोन हाय?" मी म्हटलं, मीच. ते मागच्या बाकाकडे बघत राहिले. "माझे गारीन बसाला जागा नाय गावत. हलदीला जायाचा म्हंजे पोरं टपावं बसतान. आन तुमची रिकामी." त्यांनी हे टोचून म्हटलं नव्हतं, हळहळून म्हटलं होतं.

त्या वर्षी श्रावणात सोसायटीचे सेक्रेटरी माझ्या दारात आले. तळोज्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते, हातात कायम मेजरिंग टेप. सोसायटीचा पहिलाच गणपती बसवायचा ठरला होता, मूर्ती पेणहून आणायची होती. "मॅडम, तुमची जीप मिळेल का? ड्रायव्हर आम्ही बघतो."

"ड्रायव्हर आहे," मी म्हटलं. "मीच."

त्यांनी हातातला टेप उघडून पुन्हा मिटला. मग म्हणाले, "चालेल की. काही टेन्शन नाही." आणि खाली जाऊन जीपच्या तळापासून हुडाच्या लोखंडी कमानीपर्यंतचं माप टेपने दोनदा घेतलं. त्या मापात बसेल अशी शाडूची मूर्ती त्यांनी स्वतः पेणला जाऊन सांगून ठेवली. मी आठवडाभर जीप धूत होते. बाकांना नवी गादी शिवून घेतली. ऑफिसात काम करताना मधेच हसू यायचं, लग्नघर असल्यासारखं.

मूर्ती आणायच्या दिवशी सात जण आले. सेक्रेटरी, खजिनदार, तीन कॉलेजातली मुलं, शेजारच्या वहिनी आणि त्यांच्या सासूबाई. मी आठवी. जीप भरली. पनवेल सुटेपर्यंत सगळे अवघडून बसले होते. पळस्प्याच्या पुढे एका खड्ड्यात गाडी आदळली आणि सासूबाई खजिनदारांच्या मांडीवरच गेल्या. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. त्यानंतर कोणी गप्प बसलंच नाही. मला पाठीमागचं सगळं ऐकू येत होतं. "मॅडम, तुम्हाला ऐकू येतंय ना?" कोणीतरी विचारलं. मी अण्णांसारखी मान न वळवता म्हटलं, "येतंय की!"

पेणच्या कारखान्यात मूर्ती बाहेर आली, तोंड रुमालाने झाकलेली, देखणी. सेक्रेटरींनी अभिमानाने टेप काढला. माप तंतोतंत होतं. दोघांनी मूर्ती उचलली आणि जीपच्या तळावर ठेवायला वाकले.

"अहो, तिथे कुठे ठेवताय?" वहिनी ओरडल्या. "पाय ठेवायची जागा ती!"

सगळे थबकले. खरंच होतं. आत्ता तासभर आमच्या चपला जिथे होत्या तिथे बाप्पा कसा ठेवणार? त्याला पाट हवा, आणि पाट बाकांवर आडवा टाकायला हवा. तसा टाकून पाहिला, तर मुकुट कमानीच्या वर जाऊ लागला. सेक्रेटरींचा चेहरा पार उतरला. माप बरोबर होतं. देव जमिनीवर बसत नाही एवढंच विसरले होते. मूर्तिकार हसू दाबत म्हणाले, "हूड काढा की."

वर आभाळ भरून आलं होतं आणि मूर्ती कच्च्या मातीची. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी पाना काढला, बक्कल सोडली, मुलांनी ताडपत्री उतरवली, कमानी खोलून बांधून ठेवल्या. मूर्तिकारांनी प्लॅस्टिकचा मोठा कागद दिला. बाप्पा मधे, दोन्ही बाजूंनी माणसं, आणि सगळ्यांनी हात वर करून तो कागद धरलेला, अशी आमची वरात निघाली.

कर्नाळ्याच्या आसपास पाऊस आला. बाप्पा कोरडे, आम्ही चिंब. हात दुखायला लागले तशी माणसं आळीपाळीने हात बदलत होती. पुढे एक ट्रक आडवा होऊन रस्ता तुंबला होता. थांबलो असतो तर तो कागद किती वेळ तगला असता कोण जाणे. डावीकडे रस्त्याखाली चिखलाचा पट्टा होता. मी विचारलं, "घालू का?" सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, रिस्क आहे." सासूबाई म्हणाल्या, "घाल गं!"

मी आखूड दांडा ओढला. जीप एकदा कुरकुरली, मग चारी चाकांनी चिखल धरून गोगलगायीसारखी पुढे सरकायला लागली. मूर्ती जराही हलली नाही. पुन्हा रस्त्यावर चढलो तेव्हा मागून सात जणांनी एकदम गर्जना केली, "गणपती बाप्पा मोरया!" मी रडत होते. तोंडावर पाऊस होताच, त्यामुळे कोणाला कळायचं कारण नव्हतं. इतकी सुखी मी त्यानंतर क्वचितच झाले असेन.

सोसायटीच्या फाटकाशी बायका तबक घेऊन उभ्या होत्या. मूर्ती धरणाऱ्यांच्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, ताशा वाजायला लागला आणि सगळे मूर्तीबरोबर आत गेले. मागे एक टेम्पो हॉर्न वाजवत होता म्हणून मी जीप पुढे घेतली, मागच्या बाजूला लावली, कमानी बसवल्या, ओल्या गाद्या उभ्या करून ठेवल्या. परत आले तेव्हा मंडपात बाप्पा एकटेच होते. सगळे कपडे बदलायला आपापल्या घरी गेले होते. मीही वर गेले. कोणी मुद्दाम काही केलं नव्हतं. ते दहा दिवस येताजाता लोक माझ्याकडे बघून हसायचे, चिखलाची गोष्ट एकमेकांना सांगायचे, आणि मी त्या गोष्टीत असायचे. विसर्जनानंतर मंडप सुटला, आणि जिन्यातलं बोलणं पुन्हा 'काय, बरं ना?' वर आलं.

पुढच्या श्रावणात मी गाद्यांची खोळ आधीच धुऊन ठेवली. एका रविवारी सकाळी गॅलरीतून सेक्रेटरी जिन्याकडे वळताना दिसले. मी केस सारखे केले. बेल वाजली.

"मॅडम, यंदाचं सांगायला आलो. टेम्पो ठरवलाय. गेल्या वर्षी आमच्यापायी तुम्हाला फार त्रास झाला."

"मला त्रास नव्हता झाला," मी म्हटलं.

ते हसले आणि त्यांनी हात जोडले. "तो तुमचा मोठेपणा, मॅडम."

मी खरं तेच सांगितलं होतं आणि त्यांनी ते सभ्यपणाने परत केलं होतं. "दर्शनाला या मात्र," असं म्हणून ते शेजारच्या दाराकडे वळले. वहिनींनी दार उघडलं आणि, अहो या, चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही, म्हणत त्यांना आत नेलं.

मी दार लावून स्वयंपाकघरात गेले. ते जिन्याकडे वळताना दिसले होते तेव्हाच मी दोन कपांचं आधण ठेवलं होतं. ते उकळून उकळून एका कपाचं झालं होतं.