पाय टेकण्यापुरती जागा

फुलंब्रीत कुणाला मोटरसायकल घ्यायची झाली, की तो मुहूर्त नंतर बघायचा, आधी रामकिसनकडे जायचा. रामकिसन चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर होता, गावाकडे थोडी कपाशी होती, आणि तो स्वतः लुनावर बसून रोज औरंगाबादला जाऊन यायचा. लुनावाल्याने गावाला मोटरसायकली निवडून द्याव्यात, यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

त्याची पद्धतच तशी होती. गाडीकडे तो सगळ्यात शेवटी बघायचा. आधी घेणाऱ्याला भिंतीला पाठ लावून उभं करायचा आणि कमरेपासून टाचेपर्यंत विती टाकत त्याचा पाय मोजायचा. भल्या भल्या माणसांना धोतर सावरून गप उभं राहावं लागे. मग चौकशी सुरू. शेत कुठं? वाटेत ओढा लागतो का? गाडीला दुधाचे कॅन लटकणार की सासुरवाडीला मिरवायची? एवढं झालं की डोळे मिटून निकाल द्यायचा. "वाटंत वाळू हाय ना? मग राजदूत. उगं शायनिंग नाय मारायची." त्या निकालावर अपील नसायचं.

रामकिसन स्वतः मात्र उंचीला बेताचा, म्हणजे अगदीच बेताचा. निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या साली, सगळा मुलूख पळापळीत असताना त्याचा जन्म झाला. त्याची आई म्हणायची, गडबडीत माप घ्यायचं राहून गेलं. त्याची बायको द्वारकाबाई मात्र हाडापेराने दणकट आणि ताडमाड. दोघं बाजारात निघाली की तो मुद्दाम दोन पावलं पुढे चालायचा, म्हणजे उंचीचा हिशेब लोकांना चटकन लागत नसे.

तर झालं असं. छावणीतले एक सुभेदार निवृत्त होऊन गावी परत निघाले होते आणि त्यांना आपली बुलेट विकायची होती. ही बातमी आणली कडूबाने. कडूबा हा रामकिसनचा शेजारी आणि उंचीला जवळपास त्याच्याइतकाच. बुलेटवर बसून एकदा तरी गावातून जायचं, ही त्याची लहानपणापासूनची हौस. तो रीतसर रामकिसनला घेऊन छावणीत गेला. रामकिसनने त्याला सुभेदारांच्या भिंतीला उभं केलं, विती टाकल्या आणि मान हलवली.

"नाय कडूबा. तुझे पाय आखूड. ही बया आडवी झाली तर उचलायला गाव गोळा करावं लागंल."

कडूबाने अपील केलं नाही. पुढच्याच आठवड्यात रामकिसनने त्याला चांगली राजदूत निवडून दिली. आणि त्याच्या पुढच्या रविवारी रामकिसन एकटाच छावणीत गेला आणि ती बुलेट स्वतःसाठी घेऊन आला.

आता याला काय म्हणायचं? लबाडी म्हणायचं, दुसरं काय! पण माणसाची बाजूही ऐकून घ्यावी. सुभेदारांनी ती बुलेट सुरू करून दाखवली, तेव्हा तिचा तो संथ, दमदार आवाज रामकिसनच्या छातीत जाऊन बसला होता. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या निवडल्या, प्रत्येकाची गरज बघितली. दूध, खत, सासुरवाडी, नोकरी. आपल्याला एक गाडी कुठल्या कामासाठी नको होती, नुसती हिंडायला हवी होती. तेवढ्यासाठी त्याने शेजाऱ्याला फसवलं.

कडूबाने चौकात, चार माणसांदेखत त्याला गाठलं. "माझ्या पायाला नावं ठेवलीस. तुझा पाय माझ्यापेक्षा दोन बोटं कमीच भरंल!"

"गाडी पायानं नाय, डोक्यानं चालवत्यात," रामकिसन म्हणाला. आणि बोलण्याच्या भरात पुढे बोलून गेला, "ज्या दिवशी ही गाडी आडवी होईल, त्या दिवशी किल्ली तुझ्या हातात आणून देतो."

"बघ हां. मंडळी ऐकत्यात," कडूबा म्हणाला.

झालं! त्या दिवसापासून रामकिसनची झोप उडाली, कारण बुलेटवर बसलं की त्याचे पाय खरंच जमिनीला पुरत नव्हते. चालू गाडीवर तो राजा होता. अडचण फक्त थांबायची होती. घराच्या ओट्याला गाडी लावून तो बसायचा आणि परत ओट्यालाच येऊन उतरायचा. मधल्या वाटेवर त्याने टेकायच्या जागा हेरून ठेवल्या होत्या. चौक्याच्या घाटाआधीचा मैलाचा दगड, हर्सूलच्या मोरीचा कठडा, नगर नाक्याजवळ एका टपरीची फरशी. चौकात पोलिसाने हात दाखवला की रामकिसन थांबत नसे, तिथल्या तिथे गोल गोल फिरत राही. पोलिसाला वाटे, माणूस हौशी दिसतो.

दर रविवारी तो द्वारकाबाईला मागे बसवून दौलताबादला न्यायचा. सीताफळांच्या दिवसांत सीताफळं, नाहीतर पेरू, तेही नसले तर नुसता चहा. द्वारकाबाई सगळ्या बायका बसतात तशी एका बाजूला पाय सोडून बसायची. वास्तविक नऊवारी लुगडं, कासोटा घातलेला. अशा बाईला दोन्हीकडे पाय टाकून बसायला काहीच अडत नाही. पण मोटरसायकलवर बाईमाणूस एका बाजूलाच बसतं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. कुणी ठरवलं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

आणि दर रविवारी त्यांच्या मागे, थोडं अंतर ठेवून, राजदूतवर कडूबा यायचा. विचारलं तर म्हणायचा, "मला बी पेरू आवडत्यात."

असाच एक रविवार. दौलताबादला किल्ल्याच्या तटातून रस्ता जातो तिथे जुना दरवाजा आहे, एका वेळी एकच मोठी गाडी मावेल असा. नेमकी त्या दरवाज्यात पलीकडून पर्यटकांची बस घुसली आणि अलीकडून कडब्याचा ट्रक. दोघांनी हट्ट धरला. रामकिसन ट्रकच्या मागे सापडला. डाव्या हाताला गटार, त्याच्यापलीकडे तट. उजव्या हाताला जीपगाड्यांची रांग. गोल फिरायला जागा नाही. आणि टेकायला दगड म्हणावा तर जवळपास खडासुद्धा नाही!

मागून राजदूतचा आवाज जवळ येत होता. गाडी आता माणसाच्या चालीने सरकत होती आणि हळूहळू उजवीकडे कलू लागली होती. रामकिसनने उजवा पाय जमेल तेवढा खाली ताणला. बोटंसुद्धा लागेनात. बुलेट गेली, इज्जत गेली आणि उद्यापासून कुणी पाय मोजायला येणार नाही, हे सगळं त्याला एकदमच दिसलं.

तेवढ्यात खांद्यावर एक जड हात पडला. "थांबवा," द्वारकाबाई म्हणाली. "मी हाय."

तिने लुगडं वर खोचलं, पायदानावर उभी राहिली आणि शेताचा बांध ओलांडावा तसा एक पाय सीटवरून पलीकडे टाकला. रामकिसनने डोळे मिटून ब्रेक दाबला. गाडी थांबली. पडली नाही. त्याने डोळे उघडून खाली बघितलं. गाडीच्या दोन्ही बाजूंना, रस्त्यावर पक्के रोवलेले, जोडव्यांचे दोन पाय उभे होते. आणि त्याचे स्वतःचे पाय वर लोंबत होते, झोक्यावर बसलेल्या पोरासारखे.

शेजारच्या जीपच्या ड्रायव्हरने मान बाहेर काढली. "क्या मियाँ, पाँव घर पे छोड के आए क्या?"

सगळी रांग हसली. कडूबा राजदूत लावून धावतच आला. "बघितलं का मंडळी? गाडी ह्याच्या मापाची नाय! वहिनीनं धरली म्हणून उभी हाय!"

रामकिसनला बोलायला शंभर गोष्टी सुचल्या असत्या. ब्रेक अडकला, पाय मुरगळला, काहीही. पण पाठीला भिंतीसारखा आधार होता, आणि त्याला एकाएकी खोटं बोलायचा कंटाळा आला.

"नायच माझ्या मापाची," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "हिच्या मापाची हाय. आन् कडूबा, तुला पाय आखूड म्हणलो ते मला ही गाडी पायजे होती म्हणून. लई वाईट केलं मी. आडवी झाली नाय, तरी किल्ली घे."

एवढ्या लोकांसमोर हे ऐकायला मिळेल असं कडूबाने स्वप्नातही धरलं नव्हतं. किल्लीकडे त्याने एकदा बघितलं, मग द्वारकाबाईच्या पायांकडे बघितलं.

"मी एकटा काय करू तिला घेऊन? आमची कारभारीण सरू तर माझ्यापेक्षा बुटकी," तो म्हणाला. "पण गावात शिरताना मला चालवू दे. वहिनी मागं बसली तर."

"बसंन की," द्वारकाबाई म्हणाली. "तुमचे भाऊ आणतील राजदूत."

तसंच झालं. संध्याकाळी कडूबा बुलेटवरून छाती काढून फुलंब्रीत शिरला, मागे द्वारकाबाई दोन्हीकडे पाय टाकून बसलेली. ओट्यावरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले, आणि महिन्याभरात त्यातल्याच दोघी तशा बसायला लागल्या. पुढे रामकिसनकडे कुणी गाडी निवडायला आला, की तो आधी विचारायचा, "एकटाच आलास? कारभारणीला घेऊन ये." तिचं माप द्वारकाबाई घ्यायची.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी कोंडी फुटली, पेरू घेऊन झाले आणि परतीच्या वाटेवर द्वारकाबाईने रामकिसनचा खांदा हलवला.

"इथं थांबवा की जरा."

"इथं? इथं टेकायला काय नाय," रामकिसन सवयीने म्हणाला आणि मग त्याच्या लक्षात आलं. त्याने भर मोकळ्या रस्त्यावर गाडी थांबवली. समोर उन्हात अख्खा किल्ला उभा होता. इतक्या रविवारी तो इथून गेला होता आणि एकदाही त्याला हा किल्ला धड बघता आला नव्हता, कारण त्याची नजर कायम दगड शोधण्यात गुंतलेली.

"पाय दुखले तर सांग," थोड्या वेळाने तो म्हणाला.

"तुम्ही बघा निवांत," द्वारकाबाई म्हणाली आणि तिने पेरूचा अर्धा तुकडा त्याच्या खांद्यावरून पुढे केला.