सकाळचे बावीस मिस्ड कॉल

अजिनाथ माझ्याकडे चौथीत होता तेव्हा त्याची एक सवय होती. गणित सुटलं की तो वही दाखवायला यायचा नाही. अडलं की यायचा. "गुरुजी, इथं अडलंय," असं म्हणताना त्याचा चेहरा असा खुललेला असायचा, जसा इतर मुलांचा बरोबरची खूण मिळाल्यावर खुलतो. आईवडील ऊसतोडीला गेलेले, हा मागं आत्याजवळ. वर्गातली निम्मी मुलं दसऱ्यानंतर अशीच राहायची किंवा निघून जायची. अडलेलं गणित घेऊन माझ्या टेबलाशी उभं राहणं ही त्याची सोबत होती, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

आता तो एक्केचाळीस वर्षांचा आहे. नगरला इंजिनिअरिंग केलं, चौदा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरच्या कंपनीत काढली आणि लॉकडाऊनमध्ये घरी आला तो आलाच. मग आई, राहीबाई, आजारी पडली. राहीबाई गेली त्याला तीन वर्षं झाली. वडील आधीच गेले होते. परत पुण्याला जायला हरकत नव्हती, पण गेला नाही. पाथर्डीपासून बारा किलोमीटरवरच्या आमच्या गावात, पत्र्याच्या दोन खोल्यांत बसून तो कंपनीचं काम करतो. टेबलावर दोन स्क्रीन, त्यांच्या मागं आईची पत्र्याची पेटी, पेटीवर इन्व्हर्टर. लग्नाचं जमलं नाही. मी विचारणं सोडून दिलं आहे.

दर रविवारी सकाळी मी त्याच्याकडे चहाला जातो. मोजून दोन कपच होतो.

कंपनीच्या कामाबद्दल तो फारसं बोलत नाही. बोलतो ते स्वतःच्या प्रोग्रॅमबद्दल. हे त्याचे स्वतःचे, सुट्टीच्या दिवशी करायचे, कुणी न सांगितलेले. पाथर्डी स्टँडवरच्या एसटीच्या वेळा दाखवणारा एक होता. एसटीनं त्या वेळा कधी पाळल्या नाहीत. बाजाच्या पेटीचे सूर ऐकून पट्टी सांगणारा एक. आईला माहीत असलेल्या बाजरीच्या जुन्या वाणांची नावं साठवणारा एक, तो ती असतानाच अर्धा राहिला. असे तेरा, त्यातले अकरा अर्धवट.

"कुणी वापरले का रे?" मी एकदा विचारलं.

"तुम्ही एसटीचा उघडला होता की, गुरुजी. एकदा."

दोनेक वर्षांपूर्वी हे एआय आलं. म्हणजे संगणकाला साध्या भाषेत सांगायचं, मला असं असं हवंय, आणि तो स्वतःच प्रोग्रॅम लिहून देतो. अजिनाथनं एका पावसाळ्यात सगळे अकरा अर्धवट प्रोग्रॅम पुरे केले. मी म्हटलं, वा. तो चहा गाळत होता. म्हणाला, "पुरे झाले खरे. पण गुरुजी, पूर्वी अडलं की मी ओंकारला फोन करायचो."

ओंकार राहात्याचा. कॉलेजात दोघं एका खोलीत राहायचे. आता तो बेंगळुरूला असतो.

"पहिली पाच मिनिटं शिव्या द्यायचा. गाढवा, एवढं कळत नाही का म्हणायचा. मग अर्धा तास त्या अडलेल्याबद्दल, मग दीड तास कशाबद्दलही. आता अडतच नाही. मग फोन कशासाठी करायचा?"

"हे मशीन शिव्या देत नाही?"

"छे. फार सभ्य आहे. काहीही मूर्खासारखं विचारलं तरी म्हणतं, छान प्रश्न आहे."

तो हसला, मीही हसलो. पण ओंकारशी शेवटचं कधी बोललास, असं विचारल्यावर त्यानं बोटं मोजली आणि चौदा महिने सांगितले.

गेल्या वर्षी तोडीच्या हंगामात गावातले म्हातारे भीमराज पडले. मुलगा आणि सून कारखान्याकडे, गावात ते एकटे. न्हाणीत घसरले आणि दीड दिवस तिथंच पडून होते. दूध गोळा करणाऱ्याला दार उघडं दिसलं म्हणून कळलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. वाचले, पण आता काठीशिवाय चालता येत नाही.

दसरा झाला की आमच्या गावातले कोयते निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ट्रॅक्टर भरून जातात आणि मागं म्हातारी माणसं उरतात. त्या साली नुसती म्हातारी माणसं असलेली बावीस घरं होती. अजिनाथनं ती मोजली आणि चौदावा प्रोग्रॅम केला. एआयच्या मदतीनं त्याला दोन दिवस पुरले.

कल्पना साधी होती. एक नंबर. प्रत्येकानं सकाळी आठच्या आत त्यावर फक्त रिंग द्यायची. बोलायचं काही नाही. रिंग आली म्हणजे माणूस बरा आहे, असं संगणक लिहून ठेवणार. आठपर्यंत ज्याची आली नाही त्याचं नाव माझ्या मोबाईलवर येणार आणि मी जाऊन बघणार. मिस्ड कॉल देता आमच्याकडे सगळ्यांना येतो. बोलायला आता जास्तीचे पैसे पडत नाहीत, असं मुलं सांगतात. पण पंधरा वर्षांची सवय आहे आणि उसाच्या फडात कोयता हातात असताना बोलणार कोण? अजिनाथनं घरोघर जाऊन बटणाच्या फोनमध्ये दोनच्या आकड्यावर तो नंबर टाकून दिला. हा एक तरी कुणीतरी वापरावा, एवढंच त्याला हवं होतं. ते त्याच्या चालण्यात दिसत होतं.

पहिल्या दिवशी बावीस रिंगा आल्या. चौथ्या दिवशी सोळा. दहाव्या दिवशी चार.

त्या दिवसांत मी सकाळी आठनंतर गावभर फिरत होतो. एका सकाळी अकरा घरं झाली. सगळी माणसं धडधाकट, चुलीपुढं. "या गुर्जी, चा घ्या." अकरा घरचा चहा पिऊन माझंच पित्त खवळलं. बाराव्या दिवशी मी छबूबाईच्या ओट्यावर बसलो आणि विचारलं, रिंग का देत नाहीस?

छबूबाई सत्तरीची. तिचा सुनील कोल्हापूरकडे तोडीला असतो.

"दिली की चार दीस," ती म्हणाली. "आमी सुनीलला रिंग देतो, तर त्यो कट करतो. कट केला म्हंजी बगितलं, पोचलं, बरा हाय. ह्या नंबराव नुसतं वाजत ऱ्हातंय. कुनी उचलीना, कुनी कट बी करीना. मंग ती बाई बोलती, उत्तर मिळत न्हाई म्हून. वो न देनाऱ्याच्या दारात रोज कशाला हाळी घालायची, गुर्जी?"

पलीकडच्यानं फोन कट करणं हेच आमच्या लोकांचं उत्तर असतं. अजिनाथच्या मशीननं रिंग मोजली होती, उत्तर दिलं नव्हतं. मी त्याला सांगितलं तेव्हा त्यानं कपाळावर हात मारला आणि मशीनला सांगितलं. चार मिनिटांत दुरुस्ती झाली. आता दुसऱ्या रिंगला फोन आपोआप कट होऊ लागला.

चारच्या नऊ झाल्या. नवावर थांबल्या.

रविवारी आम्ही दोघं छबूबाईकडे गेलो. ती शेंगा फोडत होती.

"आजिनाथा, तुजा फोन मशीन कट करतं ना रं?"

"तुला कसं कळलं, मावशी?"

"रोज दुसरी रिंग झाली का कट. नेमानं. मानूस असा नेमानं वागतो व्हय? सुनील लगीच कट करतो तवा चा पीत असतो. चार रिंगा वाजल्या म्हंजी डोक्याव मोळी हाय. लईच येळ झाला तर मी समजते, गाडी भरायला लागलेत. तुज्याचं काय कळंना. भिताडाशी बोलल्यावानी वाटतं." तिनं मूठभर शेंगदाणे त्याच्या हातात ठेवले. "तुजी आई तर लई हुशार हुती. हितंच येऊन बसायची सकाळी. तुला रिंग द्यायची आन् मनात मोजायची. कट झाला की म्हनायची, उठला माजा अजिनाथ. कामाला बसला. मंगच घरला जाऊन चा टाकायची."

अजिनाथनं हातातले शेंगदाणे खाल्ले नाहीत.

"रोज?" त्यानं विचारलं.

"रोज. तू पुन्याला हुतास तवर. येकदा तू उचललास तर घाबरली. म्हनली, उचलला का बया? काय झालं आसंल?"

परत येताना तो माझ्या दोन पावलं पुढं चालत होता. शाळेच्या कुंपणापाशी थांबला आणि म्हणाला, "गुरुजी, ती फोन करायची तेव्हा मी मीटिंगमध्ये असायचो. म्हणून कट करायचो. नंतर लावू म्हणायचो आणि राहून जायचं. चौदा वर्षं. ती गेल्यापासून मला रोज वाटायचं, की मी..."

शेंगदाणे अजून मुठीत होते.

दुसऱ्या दिवशी त्यानं मशीनला छबूबाईचं म्हणणं सांगितलं. मशीननं लगेच उपाय सुचवला. कट करायची वेळ रोज कमीजास्त करता येईल. कधी पहिली रिंग, कधी चौथी. मग पलीकडे माणूस आहे असं वाटेल.

"चांगला उपाय होता," अजिनाथ मला म्हणाला. "कुणाला कळलंही नसतं."

"मग?"

"लॅपटॉप मिटला."

त्यानं तो नंबर स्वतःच्या मोबाईलकडे वळवला आणि गावात सांगून आला, की आता मी स्वतः कट करणार. सकाळी साडेसहा ते आठ फोन हातात. दात घासताना, दूध तापवताना, एकेक रिंग यायची आणि तो अंगठ्यानं कट करायचा. आठवड्याभरात वीस झाल्या, मग बावीस. मशीनकडे हजेरी लिहायचं काम तेवढं राहिलं.

हळूहळू त्यालाही कळू लागलं. सोपान अंधार असतानाच रिंग देतात. बनाबाईला ऐकू येत नाही, फोनचा उजेड गेला की ती कट समजते. छबूबाई दुसऱ्या दिवशी त्याला रस्त्यात गाठून विचारायची, "काल येळ लावलास. अंगुळीला गेल्तास का?" त्याला कुणी असं विचारून किती दिवस झाले होते, कोण जाणे. पौषात एका सकाळी सोपान यांची रिंग आली नाही. पावणेसातलाच अजिनाथ त्यांच्या दारात होता, माझ्या मोबाईलवर नाव यायच्या आधी. ताप डोक्यात गेला होता. जीपनं पाथर्डीला नेलं, पाच दिवसांत घरी आले.

पाडव्याच्या आगेमागे कोयते परत आले. गाव भरलं. एकेक घरात माणसं आली, तशी एकेक रिंग बंद झाली. छबूबाईनं निरोप धाडला, सुनील आला, आता कशाला? बरोबरच होतं. बावीसच्या सात झाल्या, मग दोन. चैत्रातल्या त्या रविवारी मी गेलो तेव्हा साडेसात वाजले होते आणि फोन टेबलावर पडून होता. बाहेर पोरांचा, बायकांचा आवाज होता. अजिनाथ दर दोन मिनिटांनी फोनकडे बघत होता.

"आज एकही नाही," तो म्हणाला. "चांगलंच आहे ना, गुरुजी."

"चांगलंच आहे."

आम्ही चहा प्यायलो. कप खाली ठेवून त्यानं फोन उचलला, एक नाव शोधलं आणि रिंग दिली. दोन रिंगा वाजल्यावर स्वतःच बंद केला आणि फोन पालथा ठेवला, जणू काही केलंच नाही. मिनिटभरही गेलं नसेल, फोन वाजला. त्यानं उचलला. पलीकडचा आवाज एवढा मोठा होता की मलाही ऐकू आला.

"गाढवा, रविवारी सकाळी? बोल, काय अडलं?"

अजिनाथनं माझ्याकडे पाहिलं. मी कप विसळायच्या निमित्तानं न्हाणीकडे निघालो.

"ओंकार," तो म्हणाला, "काही अडलं नाही रे."

पलीकडे खुर्ची ओढून बसल्याचा आवाज आला.